बिनउंबऱ्याचे घर

द्वारकाबाईंचा राग नेमका कोणावर होता? या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखकाला देता आलेले नाही. वाळवीवर होता, असे त्यांच्या वसाहतीतले लोक सांगतात, आणि ते खोटे नाही. पण वाळवी घरात शिरण्याच्या पस्तीस वर्षे आधीपासून तो राग धुमसत होता. सासूवर होता म्हणावे, तर सासू केव्हाच गेली होती. नवऱ्यावर होता म्हणावे, तर नवऱ्याचा अपराध सर्वांत शेवटी उघडकीस आला. तेव्हा घडले ते क्रमाने मांडणे, एवढेच हाती उरते.

सरकारी दूध योजनेच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षे नोकरी करून द्वारकाबाई १९९४ च्या एप्रिलमध्ये निवृत्त झाल्या. गावोगावहून आलेल्या कॅनमधले दूध तपासायचे, फॅट काढायची, लॅक्टोमीटर सोडून त्यातले पाणी पकडायचे, हे त्यांचे काम. दूधवाले त्यांना टरकून असत. ‘बाईनं नुसतं बघितलं तरी दूध नासतं,’ असे त्यांच्या पाठीमागे बोलले जाई. ते त्यांच्या कानावर आले होते आणि त्याचा त्यांना अभिमानच होता. आयुष्यात आपल्याला कोणी फसवू शकत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

मे महिन्यातल्या एका सकाळी बैठकीतून स्वयंपाकघरात जाताना त्यांनी मधल्या दाराच्या चौकटीला हात टेकला आणि उजवा अंगठा चौकटीत गेला. चांगला पेरभर आत गेला. वरचा रंग जसाच्या तसा होता, पण आत लाकूड नव्हते. ओलसर माती होती आणि त्या मातीत तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे किडे वळवळत होते.

‘अहो, इकडं या!’

त्यांचे यजमान बद्रीनाथ हे पाटबंधारे खात्यातले निवृत्त कारकून. ते अंगणात मोगऱ्याला पाणी घालत होते. झारी हातात घेऊनच ते आत आले. चौकटीकडे त्यांनी एकदा पाहिले आणि ‘अरेरे’ एवढेच म्हणाले. मग ते चौकटीखालच्या फरशीकडे पाहत राहिले. त्यांची नजर चौकटीपेक्षा फरशीवर जास्त वेळ रेंगाळली, हे द्वारकाबाईंना दिसले होते. त्याचा अर्थ लागायला सव्वा वर्ष गेले.

‘झारी बाहेर ठेवा आधी,’ त्या खेकसल्या. ‘इथं घर खायलीय ती, अन् तुम्ही तिला पाणी पाजायलात.’

हे घर म्हणजे औरंगाबादेत गारखेड्याच्या अंगाला आखलेल्या बत्तीस भूखंडांच्या वसाहतीतले कोपऱ्याचे घर. १९८१ मध्ये बांधलेले, आणि कागदोपत्री नाव द्वारकाबाईंचे. मुलगा पुण्याला नोकरीला होता, घरात दोघेच. बैठक, स्वयंपाकघर, मागे एक खोली, सगळीकडे शहाबादी फरशी, बाहेर मोगरा, जास्वंद आणि कढीपत्ता. चारचौघांच्या घरासारखेच घर, पण एक गोष्ट न्यारी होती. कोणत्याही दाराला उंबरा नव्हता. चौकटीला तीनच बाजू. खाली सपाट फरशी. बांधकामाच्या वेळी गवंड्याने डोक्याला हात लावला होता.

‘बाई, पाणी आत येईल. विंचूकाटा येईल. अन् उंबराच नाय तर लक्ष्मीनं पाऊल ठेवायचं कशावर?’

‘तिला पाय असतील तर येईल,’ द्वारकाबाई म्हणाल्या होत्या. ‘पण तू उंबरा बसवलास तर मी सबलीनं उपटीन, सांगून ठेवते.’

ही जिद्द कुठून आली ते सांगितल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. पैठण तालुक्यातल्या एका गोदाकाठच्या गावात १९५४ साली त्या लग्न होऊन गेल्या. पोलीस ॲक्शनला सहा वर्षे उलटली होती. निजामाचे राज्य गेले होते, परंतु सासू साळूबाईंचे राज्य उंबऱ्याच्या आत शाबूत होते. तो उंबरा बाभळीचा, वीतभर रुंद, आणि मधोमध घोड्याची नाल ठोकलेला. नालेशेजारी निजामाच्या अमलातले तांब्याचे तीन पैसे खिळ्यांनी बसवले होते. महिन्याचे चार दिवस सुनेने त्या उंबऱ्याच्या बाहेर, अंगणापलीकडच्या गुरांच्या छपरात बसायचे. कायदा साळूबाईंचा होता आणि त्याच्यावर अपील नव्हते.

१९५८ च्या भाद्रपदात द्वारकाबाई अशाच बाहेर बसल्या होत्या आणि आत त्यांची तेरा महिन्यांची मुलगी आवडा तापाने फणफणली. बद्रीनाथ कामासाठी तालुक्याला गेले होते. मुलीचे रडणे छपरापर्यंत ऐकू येत होते. द्वारकाबाई उठून उंबऱ्यापाशी आल्या, तर साळूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

‘पाऊल टाकशील तर देव बाटंल. पोरीला काय व्हत नाय. दात यायलेत.’

दुसऱ्या दिवशीही साळूबाई तशाच उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी रडणे थांबले. त्या लहानशा जिवाला नदीकाठी नेले, ते त्याच उंबऱ्यावरून, छपरात बसलेल्या आईच्या समोरून. द्वारकाबाईंना घरात घेतले ते पाचव्या दिवशी, डोक्यावरून पाणी घेतल्यावर. घर सारवून स्वच्छ केलेले होते. मुलीची अंगडी-टोपडी तिच्याबरोबर गेली होती.

पुढे मुलगा झाला, बद्रीनाथांची बदली शहरात झाली, द्वारकाबाई रडतखडत मॅट्रिक होऊन दूध योजनेत लागल्या. या सगळ्या वर्षांत त्यांनी त्या घटनेचा उच्चार फार थोड्या वेळा केला. १९७५ च्या सुमारास धरणाचे पाणी चढू लागले आणि गाव उठले. लोकांनी दारे, तुळया, कड्याकोयंडे काढून गाड्यांत भरले. त्या गावाची रीत अशी की दार विकावे, तुळई विकावी, पण उंबरा विकू नये. एक तर तो कुटुंबाबरोबर नव्या घरी जातो, नाही तर गंगेत सोडायचा. गोदावरीला तिकडे गंगाच म्हणतात. बद्रीनाथ गावाहून परतले तेव्हा द्वारकाबाईंनी तुळयांची चौकशी केली नाही.

‘त्याचं काय केलं?’

‘सोडला गंगेत.’

‘बुडाला?’

‘बुडाला की. बाभूळ हाय, जड असती.’

त्या दिवशी द्वारकाबाईंनी सण नसताना पुरणपोळी केली.

तर अशा बाईच्या घराला वाळवी लागली. घर म्हणजे त्यांच्या लेखी विटा-चुना नव्हताच. कोणी अडवणार नाही अशी जगातली एकमेव जागा होती. ती जागा आतून पोखरली जात आहे, हे कळल्यापासून त्यांचा पारा उतरलाच नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी रॉकेल ओतले. दुसऱ्या आठवड्यात निंबोळीचे तेल. तिसऱ्या आठवड्यात चौकटीच्या बुडाला डांबर फासले, तेव्हा वाळवीने डांबराला वळसा घालून मातीची नळी भिंतीवरून वर नेली, सरळ रेघेत, एखाद्या ओव्हरसियरने आखावी तशी.

शेवटी शहागंजमागे राहणारे हैदर मिस्त्री आले. साठीला टेकलेले, मूळचे सुतार. वाळवीने खाल्लेल्या चौकटी बदलता बदलता ते औषध मारणाऱ्यांच्या धंद्यात शिरले होते. ‘पैले वाळवीनं माझं पोट भरलं,’ ते सांगत, ‘आता मी तिच्या पोटावर पाय द्यायलो.’ त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळ्या चौकटी ठोकून पाहिल्या. भरीव लाकडाचा आवाज वेगळा, पोकळ लाकडाचा वेगळा. त्यांना कान लावायचीही गरज पडत नसे. मग घराला बाहेरून एक फेरी मारली आणि अंगणात ते थबकले. बद्रीनाथांनी बागेतला सगळा वाळका पाला गोळा करून भिंतीला टेकवून रचला होता; खत करायचा त्यांचा विचार होता. कुंड्या भिंतीला चिकटून होत्या, झाडांच्या आळ्यांची माती जोत्याच्या वर आली होती.

‘साहब, ये क्या दस्तरखान बिछाया?’ हैदर मिस्त्री म्हणाले. ‘वाळवीला पंगतच वाढायलात तुम्ही. पाला भिंतीपासून दूर न्या. भिंतीला लागून दोन हात जागा कोरडी, उघडी ठेवायची. मातीची नळी चढली तर नजरेला तर पडेल. अन् हा मोरीचा पाइप गळतोय, तो आजच्या आज. लाकडाबिगर ती दिवस काढेल, ओल नाही मिळाली तर नाही काढणार.’

‘ऐकलं का?’ द्वारकाबाई नवऱ्याकडे वळल्या. ‘दोन वर्षं झाली सांगायलेय, पाइप गळतो, पाइप गळतो. मोगऱ्यातून डोकं वर काढाल तर ना.’

मिस्त्रींनी विचारले, ‘एक बात सांगा. फरशीखाली लाकूड दबलंय का कुठं? सेंट्रिंगची फळी, खुंटी, कायबी?’

‘नाही,’ बद्रीनाथ म्हणाले.

‘काही नाही,’ द्वारकाबाईंनी दुजोरा दिला. ‘मी ड्यूटीवर असायचे, पण हे रजा काढून उभे होते. भराव यांनी स्वतः बघून घातला. तेवढा एक चोखपणा आहे या माणसात.’

भिंत आणि फरशी यांच्या सांध्यात हातहात अंतरावर भोके पाडून मिस्त्रींनी औषध ओतले, भोके सिमेंटने बुजवली, मधली चौकट बदलली. बद्रीनाथांनी पाला हलवला, कुंड्या हलवल्या. दिवाळीला नव्या चौकटीच्या बुडाशी मातीची नळी दिसली. जानेवारीत पुन्हा औषध. १९९५ च्या मेमध्ये पुन्हा नळी, तीही मधल्याच दाराशी. द्वारकाबाईंनी ती नखाने खरवडली, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा होती. दुधात पाणी घालणाऱ्याला त्यांनी कधी दुसऱ्यांदा संधी दिली नव्हती; ही वाळवी मात्र रोज नव्याने नळी बांधत होती आणि रोज त्यांच्याच समोर.

आता त्यांची दृष्टी कुंपणाबाहेर गेली. त्यांच्या भिंतीला लागून वसाहतीची मोकळी जागा होती आणि तिथे कमरेएवढे वारूळ होते. वसाहतीचे सचिव काकासाहेब आणि त्यांची पत्नी भागूबाई समोरच राहत. नागपंचमीला भागूबाई बायकांना घेऊन त्या वारुळाची पूजा करीत. ही प्रथा वसाहतीइतकीच जुनी होती. द्वारकाबाईंनी काकासाहेबांना तोंडी सांगितले, लेखी दिले, पुन्हा तोंडी सांगितले. काकासाहेब प्रत्येक वेळी ‘बघू की बाई, पंचमी होऊ द्या’ म्हणत. पंचमी आली.

सकाळी नव्या साड्या नेसून आठ-दहा जणी लाह्या, हळदकुंकू, दुधाची वाटी घेऊन जमल्या. द्वारकाबाई कुंपणाशी हाताची घडी घालून उभ्या होत्या.

‘या की बाई पूजेला,’ भागूबाई म्हणाल्या. ‘वर्साचा सण हाय.’

‘कशाची पूजा करू? माझं दार खाणारीची?’

‘नागोबा राहतो त्यात.’

‘नाग राहिला असता तर लई बरं झालं असतं, भागूबाई. नाग लाकूड खात नाही.’

दोघीतिघींना हसू आले. भागूबाईंनी त्यांच्याकडे पाहताच ते विरले. भागूबाईंनी वाटी वारुळावर कलती केली.

‘हे दूध कुठलं?’ द्वारकाबाईंनी विचारले. ‘निळं मारायलंय. निम्मं पाणी आहे त्यात.’

‘देवाला भाव लागतो बाई, फॅट लागत नाय!’

यावर मात्र सगळ्याच हसल्या. पाठीमागून कोणीतरी, ‘बिनउंबऱ्याच्या घरात दुसरं काय व्हणार,’ असे पुटपुटले. बोलणारीला वाटले असेल, ऐकू जाणार नाही. द्वारकाबाई आत निघून गेल्या.

नागपंचमीला आपल्याकडे जमीन खणत नाहीत. नांगर चालवत नाहीत, विळीवर भाजी चिरत नाहीत, चुलीवर तवाही ठेवत नाहीत. त्या दिवशी दुपारी, सगळी वसाहत पुरणाची दिंडे जेवून आडवी झाली असताना, द्वारकाबाई टिकाव घेऊन मोकळ्या जागेत आल्या. बद्रीनाथ मागोमाग धावले.

‘आज नको. आजच्या दिवस नको. उद्या मी गडी आणतो.’

‘तुम्ही व्हा बाजूला.’

एकोणसाठ वर्षांच्या त्या बाईने तासाभरात वारूळ जमीनदोस्त केले आणि त्याच्याही खाली गुडघाभर खणले. आत स्पंजासारखे, करड्या रंगाचे गोळे निघाले, लाखोंनी किडे निघाले. राणी मिळाली नाही. कपाळावर सकाळचे कुंकू घेऊन भागूबाई ओट्यावर उभ्या होत्या आणि रडत होत्या. ‘तुमचं घर खाल्लं तर आमचा देव कशाला फोडता?’ एवढेच त्यांना बोलता आले. द्वारकाबाई टिकाव खांद्यावर टाकून घरी आल्या.

त्या आठवड्यात वसाहतीची बैठक झाली. भावना दुखावल्याचा ठराव झाला. काकासाहेब म्हणाले, बाई शिकल्यासवरल्या आहेत, त्यांना काय सांगायचे. एकाने, आता त्यांच्याच घरात साप निघतो का नाही बघा, असे भाकीत केले. द्वारकाबाई पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या. शेजारी बद्रीनाथ मान खाली घालून बसले होते, एखाद्या आरोपीसारखे. आणि नवऱ्याला आपली लाज वाटते आहे या विचाराने द्वारकाबाईंना बैठकीपेक्षा त्यांचाच जास्त राग आला.

बैठकीनंतर नवव्या दिवशी मधल्या दाराशी नवी नळी होती.

हैदर मिस्त्री तिसऱ्यांदा आले. वारूळ फोडल्याचे त्यांच्या कानावर गेले होते. ‘बाई, नाहक मेहनत केली. वाळवी जमिनीत सगळीकडेच आहे, औरंगाबादच्या खालीही तीच अन् दौलताबादच्या खालीही तीच. तिला घरात कोण बोलावतंय ते बघा.’ ते मधल्या दाराशी उकिडवे बसले. ‘ती बाहेरून आली असती तर बाहेरच्या भिंतीला आधी दिसली असती. तिथं कायच नाही. दरवेळी ती निघते इथून, घराच्या मधातून. म्हणजे तिचं खाणं इथंच आहे, खाली.’

त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दारातली फरशी ठोकली. आवाज पोकळ आला.

‘फरशी कशाला उचलता?’ बद्रीनाथ घाईने म्हणाले. ‘पुन्हा औषध मारा की. फुटंल ती फरशी.’

‘फुटू द्या,’ द्वारकाबाई म्हणाल्या. ‘उचला, मिस्त्री.’

पहारीच्या टोकाने मिस्त्रींनी सांधा मोकळा केला आणि फरशी उभी केली. खालचा मुरूम एका आडव्या पट्ट्यात बसला होता. त्यांनी थापीने तो बाजूला सारला. सारता सारता खाली एक लांबट आकार उघडा पडत गेला, दाराच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत. लाकूड म्हणावे तर लाकूड नव्हते. मातीने लाकडाचे सोंग घेतले होते. थापी लागली तिथे ते पापुद्र्यासारखे फुटले आणि आतून पांढरी वळवळ उतू आली.

‘बाभूळ,’ मिस्त्री वास घेऊन म्हणाले. ‘जुनी, घरंदाज बाभूळ. पाइपच्या ओलीनं सडली, मग हिचं जेवण झालं.’

थापी कशावर तरी खणकन वाजली. मिस्त्रींनी बोटांनी माती झटकली. घोड्याची नाल होती. नालेशेजारी हिरवे पडलेले तीन पैसे होते.

हैदर मिस्त्रींनी एकदा बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिले, एकदा साहेबांच्या, आणि ते उठले. ‘मी जरा चाय पिऊन येतो,’ म्हणाले, आणि पायात चपला अडकवून फाटकाबाहेर गेले.

‘हे काय आहे?’ द्वारकाबाईंनी विचारले.

बद्रीनाथ नालेकडे वाकले.

‘मी विचारतेय, हे काय आहे?’

‘तुला दिसायलंय.’

‘गंगेत सोडला होता ना?’

‘नाय सोडला.’

‘बुडाला म्हणून सांगितलं होतंत. जड असती म्हणालात. वाळलेली बाभूळ बुडती का कधी? माझा जन्म गेला पाण्यात काय बुडतं अन् काय तरंगतं ते बघण्यात! अन् मला हे तेवढं सुचलं नाही.’ त्यांचा आवाज चढत गेला. ‘चौदा वर्षं. दिवसातून पन्नास वेळा ओलांडायला लावलात मला. मी सगळ्या दुनियेला सांगत फिरले, माझ्या घराला उंबरा नाही. अन् होता! माझ्या पायाखाली होता! तुमच्या आईनं सांगितलं होतं, व्हय? मरता मरता सांगितलं का, सुनेच्या छाताडावर ठेव म्हणून?’

‘आईचं काय नाय त्यात. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. तोवर सांडूच्या गोठ्यात ठेवला होता.’ सांडू हा त्यांचा चुलतभाऊ, पुनर्वसनाच्या नव्या गावठाणात राहणारा. ‘भराव घातला त्या दिवशी आणला. तू ड्यूटीवर होतीस.’

‘का? मला का सांगा.’

बद्रीनाथ भिंतीला धरून खाली बसले. तोंडाने उत्तर येईपर्यंत त्यांच्या हातांनी दोनदा त्या नालेवरची माती पुसली.

‘आवडा त्याला धरून उभी राहिली होती.’

‘काय?’

‘तू बाहेर बसलीस ना, त्याच सकाळी. मी तालुक्याला निघायचो होतो, चपला घालत होतो. रांगत आली, नालेला दोन्ही हातांनी धरलं अन् उभी राहिली. पहिल्यांदाच. बाहेर छपराकडं बघत होती. तुझी पाठ होती. मी म्हणलं, परत आल्यावर तुला सांगावं. परत आलो तवा...’ त्यांनी वाक्य सोडून दिले. ‘तिचं काय राहिलं आपल्याकडं? फोटो नाय. अंगडं नाय. जिथं पुरलं ती जागा पाण्याखाली गेली. हे एवढं होतं.’

द्वारकाबाई उभ्या होत्या तिथेच उभ्या राहिल्या.

‘मला वाटत होतं,’ त्या म्हणाल्या, ‘ती उभी राहायच्या आधीच गेली.’

बद्रीनाथांनी मान हलवली.

‘सदतीस वर्षं. तुम्ही एकटे घेऊन बसलात ते. माझी पोरगी उभी राहिली, माझ्याकडं बघत उभी राहिली, अन् ते मला ठाऊक नाही.’

‘सांगितलं असतं तर उंबऱ्याचं निघालं असतं. तू जाळला असतास.’

‘जाळलाच असता,’ द्वारकाबाई ओरडल्या. ‘पण आधी बघितला असता!’

हा आवाज समोर भागूबाईंच्या घरापर्यंत गेला. शब्द कोणाला कळले नाहीत.

हैदर मिस्त्री परतले तेव्हा बाई स्वतः खड्ड्यात हात घालून ते अवशेष घमेल्यात भरत होत्या. मिस्त्रींनी एकही प्रश्न विचारला नाही. खड्डा त्यांनी कोरडा होऊ दिला, औषधाने भिजवला, नवा मुरूम ठासला, आणि चार दिवसांनी फरशी बसवली. लाकडाची ढलपीसुद्धा खाली राहू दिली नाही. जाताना ते एवढेच म्हणाले, ‘आता नाही येणार ती. आता तिला इथं काही नाही.’

बद्रीनाथांची इच्छा होती की ते अवशेष तरी पैठणला नेऊन पाण्यात सोडावेत. द्वारकाबाईंनी ते ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीच्या बंबात घातले. ते नीट पेटेना. त्यात लाकूड थोडे आणि माती फार. नुसता धूर झाला. त्यांनी रॉकेल ओतले, फुंकणीने फुंकले, डोळे लाल होईपर्यंत फुंकले. तीन सकाळी लागल्या. तिन्ही दिवस बद्रीनाथांनी त्या पाण्याने अंघोळ केली नाही, द्वारकाबाईंनी केली. पैसे राखेबरोबर गेले. नाल त्यांनी आधीच काढून ठेवली होती. ती त्यांनी राखेने घासली, धुतली, पुसली आणि बद्रीनाथांच्या पुढ्यात टाकली.

‘घरात नको.’

बद्रीनाथांनी ती मोगऱ्याच्या आळ्यात, खोडाला टेकून ठेवली. भिंतीपासून दोन हात सोडून. द्वारकाबाई रोज फुले तोडायला तिथे जात आणि ती तिथून त्यांनी कधी हलवली नाही. नवऱ्याशी त्या गरजेपुरते बोलत. ते प्रमाण पूर्वीपेक्षा कमी झाले की वाढले, याबद्दल शेजाऱ्यांत एकमत नाही.

भागूबाईंकडे त्या दिवाळीच्या आधी गेल्या. माफी मागायला गेल्या असाव्यात, पण त्यांच्या तोंडून निघाले ते असे : ‘तुमच्या वारुळाचा काही संबंध नव्हता. घरातलंच होतं.’

‘मला तवाच ठाव होतं,’ भागूबाई म्हणाल्या. ‘पण तुम्ही ऐकून घेताय व्हय कुणाचं?’

‘नाही घेत.’

‘मग बसा. चहा टाकते.’

‘दूध कमी घाला,’ द्वारकाबाई म्हणाल्या. ‘तुमचा दूधवाला चोर आहे.’

मधल्या दारात त्या पुन्हा कधी थांबल्या नाहीत, हात टेकला नाही. ठोकून पाहायचे काम मात्र त्यांनी सोडले नाही. दर पंधरवड्याला स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन त्या घरातली प्रत्येक चौकट वाजवीत, आणि मधल्या दारातली फरशी दोनदा वाजवीत. आवाज भरीव येई. तो ऐकूनही त्यांच्या कपाळावरची आठी उतरत नसे, असे हैदर मिस्त्री सांगत.

बद्रीनाथ २००१ मध्ये वारले, द्वारकाबाई २००४ मध्ये. फेब्रुवारी २००७ मध्ये मुलाने घर विकले. नव्या मालकांनी त्याच महिन्यात सगळ्या दारांना सागवानी उंबरे बसवून घेतले.